हिवाळ्यात आरव्हीने ओरेगनचा समुद्रकिनारा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिएटल, पोर्टलंड आणि बे एरियातल्या मराठी मंडळींकडून दर वर्षी दिवाळी आटोपली की हे प्रश्न येऊ लागतात. काही प्रश्न भारतातून येणाऱ्या आई-बाबांचेही असतात. ओरेगनच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात आरव्ही, म्हणजे झोपायची-रांधायची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन फिरणाऱ्याला माझा सल्ला एकाच ओळीचा आहे: गाडी थोडी चालवा आणि पुष्कळ थांबा. खालची बहुतेक उत्तरं फिरून फिरून तिथेच येतात.

ऑफ-सीझन म्हणजे नेमका कधी?

ऑक्टोबरचा मध्य ते मार्चचा मध्य. त्यातून थँक्सगिव्हिंगचा आठवडा, नाताळ ते नववर्ष आणि फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा लांब वीकेंड वगळा, कारण तेव्हा कॅम्पग्राउंड भरतात. मार्चच्या शेवटी शाळांची स्प्रिंग ब्रेक लागली की गर्दी परत सुरू होते. मला विचाराल तर जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी. या काळात मधूनच चार-पाच दिवस पाऊस उघडतो, पूर्वेकडून कोरडा वारा सुटतो आणि समुद्र असा स्वच्छ दिसतो की उन्हाळ्यातही दिसत नाही. उन्हाळ्यात तिथे कित्येक सकाळी धुक्यातच जातात.

पण तिथे हिवाळ्यात पाऊसच असतो ना? मग जायचं कशाला?

पाऊस असतोच. तिथला पावसाळा थंडीत येतो. अस्टोरियात वर्षाला सुमारे १,७०० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा भाग नोव्हेंबर ते मार्चमध्ये. आपल्या कोकणातल्यासारखी कोसळधार क्वचित. बराचसा पाऊस बारीक, आडवा आणि चिवट असतो. छत्री उलटी होते, तिचा काही उपयोग नाही. टोपीचा रेनकोट, पावसाळी विजार आणि घोट्याच्या वर जाणारे बूट लागतात. तापमान मात्र सौम्य. दिवसा १० अंश सेल्सियसच्या आसपास, रात्री ३ ते ५. किनाऱ्यावर बर्फ क्वचितच पडतो.

जायचं कशाला, तर समुद्र पाहायला. उन्हाळ्यातला पॅसिफिक आणि जानेवारीतला पॅसिफिक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अलास्काच्या आखातात उठलेली वादळं शेकडो मैलांवरून लाटा ढकलत आणतात आणि त्या ओरेगनच्या खडकांवर येऊन फुटतात. वीस-पंचवीस फुटांची लाट तिथे बातमीचा विषय होत नाही.

शिवाय हिवाळ्यातला समुद्र किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतो आणि खालचं उघडं पाडतो. गोट्यांचे थर वर येतात, त्यांत अगेट सापडतात. मधाच्या रंगाचा, अर्धपारदर्शक दगड. ओला असताना उन्हासमोर धरला की आतून उजळतो. एका माणसाने दिवसाला एक गॅलन एवढेच दगड न्यावेत असा नियम आहे. नेस्कोविनला तर ओहोटीच्या वेळी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या सिटका स्प्रूस झाडांचे बुंधे वाळूतून उभे दिसतात. १९९७-९८च्या हिवाळ्यातल्या वादळांनी ते ठळकपणे उघडे केले. उन्हाळ्यात त्यांतले बरेचसे पुन्हा वाळूखाली जातात.

किती दिवस काढावेत?

किनाऱ्यालगतचा हायवे १०१ ओरेगनच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत सुमारे ३६३ मैल, म्हणजे ५८४ किलोमीटर आहे. कारने दोन दिवसांत उरकता येतो. आरव्हीने हिवाळ्यात तो उरकायला जाऊच नये. डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा असतो, पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो. अंधारात, पावसात, वळणांच्या रस्त्यावर मोठी गाडी चालवण्यात काहीच मजा नाही आणि धोकाही आहे. साडेतीनला गाडी जागेवर लागलेली असावी, हा नियम कुटुंबाने ठरवूनच निघावं.

पूर्ण किनारा करायचा तर आठ ते दहा दिवस. तेवढे नसतील, चार-पाचच असतील, तर न्यूपोर्ट ते फ्लॉरेन्स हे पन्नास मैल धरा आणि बाकीचं पुढच्या वेळेला ठेवा. या पन्नास मैलांत याक्विना हेडचं ९३ फुटी दीपगृह आहे, केप परपेटुआचा कडा आहे, १८९४ पासूनचं हेसेटा हेडचं दीपगृह आहे आणि फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला वाळूच्या टेकड्या सुरू होतात. पाच दिवस कमी पडतील.

मुक्काम कुठे कुठे करावे?

मी सांगते तो कॅम्पग्राउंडचा क्रम असा. उत्तरेला अस्टोरियाजवळचं फोर्ट स्टीव्हन्स, जिथे १९०६ साली वाळूत रुतलेल्या पीटर आयरडेल जहाजाचा गंजलेला सांगाडा अजून उभा आहे. मग न्यूपोर्टजवळ साउथ बीच. तिथून फ्लॉरेन्सजवळ हनीमन. मग कूस बेच्या पश्चिमेला सनसेट बे. शेवटी कॅलिफोर्नियाच्या हद्दीजवळ ब्रुकिंग्जचं हॅरिस बीच. प्रत्येक ठिकाणी दोन रात्री. अस्टोरिया ते न्यूपोर्ट हा साधारण १३५ मैलांचा टप्पा सगळ्यात लांब, तो कोरड्या दिवशी करा.

ब्रुकिंग्जबद्दल एक खास. डोंगरावरून उतरणारा वारा खाली येताना दाबला जातो आणि तापतो, त्यामुळे भर हिवाळ्यात तिथे कधीकधी २० अंशांच्या वर पारा जातो. आठ दिवस ओल्या मोज्यांत काढल्यावर तिथे दार उघडून बाहेर खुर्ची टाकून बसता येतं. सहलीचा शेवट तिथे ठेवायचं हेच कारण.

उत्तरेकडून दक्षिणेकडे जावं की उलट?

उत्तरेकडून दक्षिणेकडे. अमेरिकेत गाडी उजवीकडून चालते, त्यामुळे दक्षिणेला जाताना समुद्र तुमच्याच बाजूला राहतो आणि समोरून येणारी वाहतूक न ओलांडता थांब्यावर वळता येतं. पंचवीस फुटी गाडीला डावीकडे वळण्यासाठी पावसात थांबून राहावं लागत नाही, हा फायदा फोटोंपेक्षा मोठा आहे.

कुठल्या प्रकारची आरव्ही घ्यावी? साधा परवाना चालतो का?

हिवाळ्यासाठी लहान घ्या. दोघंच असाल तर व्हॅनसारखी क्लास बी. चौघं-पाच जण असाल तर ड्रायव्हरच्या डोक्यावर बिछाना असलेली क्लास सी, २२ ते २५ फुटांची. बसएवढी क्लास ए वाऱ्यात शिडासारखी वागते. शिवाय सुंदर कॅम्पग्राउंडमधल्या जुन्या, झाडांत दडलेल्या जागांत ती मावत नाही.

भाड्याच्या नेहमीच्या गाड्यांना साधा कारचा परवाना पुरतो. भारतीय परवान्यावर चालवणार असाल तर सोबत आंतरराष्ट्रीय परवाना असावा. वयाची अट कंपनीगणिक वेगळी. विम्याकडे मात्र नीट बघा. तुमच्या कारचा विमा आरव्हीला बहुधा लागू होत नाही आणि क्रेडिट कार्डांवरचं भाडेगाडीचं संरक्षण बहुतेक वेळा आरव्ही वगळतं. कंपनीकडचा विमा घ्या, कंजूषी करू नका. छताचं आणि वरच्या कोपऱ्यांचं नुकसान त्यात धरलंय का ते वाचा, कारण झाडाची फांदी आणि पेट्रोलपंपाचं छप्पर तिथेच लागतं. गाडीची उंची कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा.

वाऱ्यात पूल ओलांडणं कितपत धोक्याचं?

हा प्रश्न कमी लोक विचारतात. सगळ्यांनी विचारायला हवा.

१९३६ पर्यंत १०१ वरच्या मोठ्या खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागत. त्या साली कॉन्डे मॅकलो या अभियंत्याने आखलेले पाच पूल खुले झाले: न्यूपोर्ट, वॉल्डपोर्ट, फ्लॉरेन्स, रीड्सपोर्ट आणि कूस बे. वॉल्डपोर्टचा पुढे १९९१ मध्ये बदलला, बाकीचे चार अजून वाहतूक वाहतात. कमानी, खांबांवरची नक्षी, कठड्यांची घडण, सगळंच देखणं. पण ते १९३० च्या दशकातल्या गाड्यांसाठी बांधलेले आहेत. लेन अरुंद, कडेला जागा नाही, आणि खाडीच्या तोंडावर असल्यामुळे समुद्रावरचा वारा थेट अंगावर येतो.

न्यूपोर्टच्या याक्विना बे पुलावर चढताना हे कळतं. टेकडीच्या आडोशाला गाडी शांत असते. आडोसा संपतो त्याच क्षणी कोणीतरी बाजूने खांदा मारल्यासारखी गाडी एक वीतभर सरकते. मग कमानीचा एकेक खांब वारा तोडतो आणि सोडतो, तोडतो आणि सोडतो, आणि स्टिअरिंगवरच्या हातांना तो ताल जाणवत राहतो. अशा वेळी वेग ताशी ३० मैलांपर्यंत खाली आणा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा, धक्का बसला की जोरात उलटं वळवू नका. झुळूक गेली की गाडी आपोआप परत येते.

वाऱ्याचे झोत ताशी ४५ मैलांच्या वर जाणार असा अंदाज असेल, तर त्या दिवशी हलू नका. मुक्कामाचे दोन दिवस मुद्दाम मोकळे ठेवायचे ते याचसाठी. वॉशिंग्टनमधून येणाऱ्यांनी कोलंबिया नदीवरच्या चार मैल लांबीच्या अस्टोरिया-मेगलर पुलालाही हाच नियम लावावा.

किनाऱ्यावर बर्फ नाही, मग टायरवर बांधायच्या चेन कशाला?

किनाऱ्यावर पोचण्यासाठी. आतल्या बाजूचा आय-५ हा उत्तर-दक्षिण महामार्ग आणि समुद्र यांच्यामध्ये कोस्ट रेंज ही डोंगररांग उभी आहे. पोर्टलंडहून हायवे २६ किंवा ६, सेलमहून १८, कॉर्व्हालिसहून २०, युजीनहून १२६, सगळे घाट चढूनच जातात आणि वरती बर्फ पडू शकतो. कॅलिफोर्नियातून आय-५ ने येणाऱ्यांना ४,३१० फुटांवरचा सिस्कियू घाट लागतो, तो तर हिवाळ्यात कितीदा तरी अडतो. पाटीवर चेन बाळगा असं लिहिलं असेल तर बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे. घोटाळा असा की भाड्याच्या कंपन्या पुष्कळदा चेन लावायला मनाई करतात. तेव्हा बर्फाचा अंदाज असेल तर एक दिवस थांबा, दुसरा उपाय नाही. राज्याच्या परिवहन खात्याची ट्रिपचेक ही साइट घाटावरच्या कॅमेऱ्यांची चित्रं दाखवते. निघण्याआधी ती बघणं हे दात घासण्याइतकं नेमाचं असू द्या.

कॅम्पग्राउंड हिवाळ्यात उघडे असतात का? आरक्षण लागतं का?

वर नावं दिलेले सगळे सरकारी कॅम्पग्राउंड वर्षभर चालणारे आहेत. पण दुरुस्त्याही हिवाळ्यातच काढतात. कधी जागांचं एखादं वर्तुळ बंद, कधी न्हाणीघर, कधी महिनोन्महिने अख्खं कॅम्पग्राउंड. म्हणून ठरवण्याआधी ओरेगन स्टेट पार्क्सच्या पानावर त्या त्या उद्यानाची सूचना वाचाच. आरक्षण सहा महिने आधीपासून मिळतं, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी जानेवारीत बहुतेक वेळा त्याच दिवशी जागा मिळते. हेच ऑफ-सीझनचं खरं ऐश्वर्य: हवामान बघून सकाळी ठरवता येतं.

राज्याबाहेरच्या आरव्हींना जागेच्या भाड्यावर २५ टक्के जादा पडतात. डे-यूज, म्हणजे फक्त दिवसा वापरायच्या, पार्किंगमध्ये किंवा बीचवर रात्र काढता येत नाही.

जागा निवडताना समुद्राजवळची घेऊ नका. झाडांतली घ्या, पण डोक्यावर वाळलेली फांदी नाही ना हे मान वर करून बघा. मुख्य म्हणजे हुकअप, म्हणजे वीज-पाण्याची जोडणी, असलेलीच घ्या. उन्हाळ्यात विजेविना राहण्यात गंमत आहे. हिवाळ्यात चौदा-पंधरा तास अंधार असतो.

आत ऊब कशी राखायची?

गाडीतली भट्टी प्रोपेनवर चालते, पण तिचा पंखा बॅटरीवर. हुकअप नसेल तर रात्रभर पंखा फिरून बॅटरी पहाटे मान टाकते. ३०,००० बीटीयूची भट्टी सलग चालली तर तासाला साधारण एक तृतीयांश गॅलन प्रोपेन खाते. म्हणून विजेची सोय असेल तिथे छोटा इलेक्ट्रिक हीटर वापरा, कंपनीची परवानगी असेल तर. भट्टी पहाटेच्या थंडीपुरती ठेवा.

विजेचं गणित पाठ असू द्या. ३० अँपिअरची जोडणी म्हणजे एकूण ३,६०० वॉट. हीटर १,५००, इन्स्टंट पॉट १,०००, त्यात कोणी मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडतो. भात लावला की हीटर बंद, एवढं लक्षात ठेवलं तरी चालतं. शेगडी पेटवून गाडी गरम करायचा प्रयत्न कधीही करू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पहिल्याच दिवशी बटण दाबून तपासा.

खिडक्यांवरून पाणी ओघळतं, गाद्या दमट होतात. काय करावं?

चार माणसांचा श्वास, ओले कपडे आणि कुकरची वाफ एवढ्याशा डब्यात कोंडली की दुसरं काय होणार? छताची झडप बोटभर उघडी ठेवा, पाऊस असला तरी. स्वयंपाक करताना पंखा चालू ठेवा. सकाळी उठल्याबरोबर काचा जुन्या टॉवेलने पुसा आणि तो टॉवेल बाहेर किंवा न्हाणीत पिळा. गादी भिंतीला चिकटवू नका. ओले रेनकोट न्हाणीघरात टांगा, राहायच्या जागेत नाही. जास्त दिवस जाणार असाल तर छोटा डीह्युमिडिफायर सोबत घ्या.

टाक्या रिकाम्या करण्याचं काम फार घाण असतं का?

नीट केलं तर पाच मिनिटांचं आणि हात न भरणारं आहे. टाक्या दोन: संडासाची काळी आणि बेसिन-न्हाणीची करडी. संडासाची टाकी दोन तृतीयांश भरेपर्यंत थांबा. रोज रिकामी केली तर पाणी वाहून जातं आणि घट्ट भाग तळाला साचतो. मुक्कामाच्या जागी नळी जोडलेली असली तरी काळ्या टाकीची खीळ (व्हॉल्व्ह) बंदच ठेवायची.

डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, हातमोजे घाला. नळीचं एक टोक गाडीला पिळून बसवा, दुसरं जमिनीतल्या भोकात आणि त्यावर दगड किंवा पाय. आधी काळी खीळ ओढा. नळी एकदम जड होते, थरथरते, आवाज येतो, मग हळूहळू थांबतो. मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. शेवटी डंपच्या नळाने नळी खळबळून घ्या. पिण्याच्या पाण्याचा नळ वेगळा असतो, त्याला ही नळी कधीच लावू नका.

आपल्या स्वयंपाकापुरती एक सूचना: तळणीचं तेल, आमटीचा गाळ, चहाचा चोथा बेसिनमध्ये ओतू नका. करड्या टाकीला त्याने असा वास सुटतो की जात नाही. बरणीत भरून कचऱ्यात टाका.

स्वयंपाक काय करावा?

घरून मुगाच्या खिचडीचं मिश्रण, मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, सुकं खोबरं, कोकम, लोणचं असं भरून घ्या. किनाऱ्यावरच्या गावांत भारतीय किराणा सापडेल या भरवशावर राहू नका. थालीपीठ आणि पिठलं-भात वादळाच्या संध्याकाळी जे सुख देतात ते मी शब्दांत सांगत नाही. फोडणी मात्र बाहेर, गाडीला लावलेल्या कापडी छताखाली, छोट्या शेगडीवर द्या. आत दिली तर धुराचा अलार्म वाजतो आणि गादीला हिंगाचा वास लागतो, जो परतीच्या वेळी कंपनी साफसफाईच्या बिलात लावू शकते.

खेकडे स्वतः पकडता येतात का?

येतात, आणि मत्स्याहारी मराठी माणसाने हे करावंच. इथला डंजनेस खेकडा हिवाळ्यात मांसाने भरलेला असतो. खाड्यांमध्ये आणि धक्क्यांवरून वर्षभर पकडायला परवानगी आहे. बारा वर्षांपासून पुढे प्रत्येकाला शेलफिश परवाना लागतो, पाहुण्यांसाठी तीन दिवसांचाही मिळतो. फक्त नर ठेवायचा, कवचाची रुंदी किमान पावणेसहा इंच, दिवसाला माणशी बारा. मोजपट्टी आमिषाच्या दुकानात मिळते. नर ओळखायला उलटा करा: पोटाखालची पट्टी अरुंद असेल तर नर, रुंद असेल तर मादी. मादी लगेच पाण्यात सोडा.

चार्ल्स्टन, विंचेस्टर बे, न्यूपोर्ट आणि गॅरिबाल्डी इथे धक्क्यावरून जाळं टाकता येतं आणि जाळी भाड्यानेही मिळतात. मोठा पाऊस होऊन नद्यांचं गोडं पाणी खाडीत उतरलं की खेकडे समुद्राकडे सरकतात. म्हणून पावसानंतर दोन-तीन दिवस थांबा आणि भरतीच्या पाण्यावर जाळं टाका. डोमोइक अॅसिड या विषारी द्रव्यामुळे कधीकधी बंदी असते, तेव्हा जाण्याआधी राज्याच्या शेतकी खात्याची सूचना तपासा. ते विष शिजवून जात नाही.

मालवणी मसाल्याचं कालवण या खेकड्याला छान मानवतं. मांस गोडसर आहे, तेव्हा तिखट थोडं कमी आणि कोकम बेताचं.

बीचवर मुलांना सोडलं तर चालेल का?

सोडू नका. हात धरून न्या आणि पाठ कधीही समुद्राकडे करू नका. हे उत्तर सगळ्यात महत्त्वाचं आहे.

ओरेगनच्या किनाऱ्यावर स्नीकर वेव्ह येतात. दहा-वीस मिनिटं लाटा एका रेषेपर्यंत येऊन परततात, माणूस निर्धास्त होतो, आणि मग एक लाट त्या रेषेच्या कितीतरी पुढे चढते. तिच्यात वाळू भरलेली असते, कपडे आणि बूट जड होतात, उभं राहता येत नाही. पाण्याचं तापमान १० अंशांच्या आसपास, त्यामुळे पट्टीचा पोहणाराही काही मिनिटांत गलितगात्र होतो. जुहू किंवा गणपतीपुळ्याला पाण्यात पाय बुडवायची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे मुद्दाम सांगावं लागतं. इथे हिवाळ्यात पाण्यात पाय बुडवायचा नाही.

दुसरा धोका ओंडक्यांचा. किनाऱ्यावर पडलेले प्रचंड ओंडके बसायला, फोटोला, मुलांना चढायला आकर्षक वाटतात. टनावारी वजनाचा ओंडका काही इंच पाण्यानेही उचलला जातो आणि लोळतो. वाळू ओली असेल तिथल्या ओंडक्यावर कुणीही बसू नये. कुंपणापलीकडे जाऊ नये. केप किवांडाच्या वाळूखडकावर कुंपण ओलांडून गेलेली माणसं मेलेली आहेत.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक रोज बघा. हिवाळ्यात मोठ्या ओहोट्या संध्याकाळी उशिरा किंवा रात्री येतात, त्यामुळे खडकांतली डबकी बघायचा बेत उन्हाळ्यासाठी राखून ठेवा.

मग वादळ बघायचं कुठून?

उंचावरून. डेपो बेला रस्त्यालगतच्या भिंतीमागून, केप परपेटुआच्या वरच्या ठिकाणाहून, आणि सर्वांत उत्तम म्हणजे सनसेट बेशेजारच्या शोर एकर्स उद्यानातून. ही जागा एका लाकूड व्यापाऱ्याची इस्टेट होती. कड्यावर एक काचेचं निरीक्षणघर आहे. खालचे वाळूखडकाचे थर तिरपे आहेत आणि येणारी लाट त्यांवर आपटून सरळ वर उडते.

आधी तळपायांना एक ठोका जाणवतो. मग कड्याच्या पलीकडून पांढरा खांब उठतो, झाडांच्या उंचीपर्यंत जातो, क्षणभर तसाच उभा राहतो आणि वाऱ्याने विस्कटून माणसांच्या अंगावर येतो. चष्म्यावर मीठ वाळतं. शेजारी उभी असलेली अनोळखी माणसं नकळत एकाच वेळी ओरडतात. तिथे तासन् तास उभे राहणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला त्यांचं अजिबात आश्चर्य वाटत नाही. थँक्सगिव्हिंगपासून ३१ डिसेंबरपर्यंत तिथल्या बागेत संध्याकाळी दिव्यांची रोषणाई असते, तीही बघून घ्या.

देवमासे खरंच दिसतात का?

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत ग्रे व्हेल अलास्काकडून मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाला जातात. मार्चच्या शेवटापासून ते परततात, मे महिन्यात पिलांसह आया किनाऱ्याच्या जवळून. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात प्रशिक्षित स्वयंसेवक ठरावीक ठिकाणी उभे राहून लोकांना देवमासे दाखवतात. डेपो बेला यासाठी केंद्रच आहे. गेल्या काही वर्षांत या देवमाशांची संख्या घटली आहे, तेव्हा दिसलाच पाहिजे असा हट्ट धरू नका. सकाळी, वारा कमी असताना, क्षितिजाकडे नुसत्या डोळ्यांनी बघत राहा. पांढरा फवारा दिसला की मग दुर्बीण लावा. आधीपासून दुर्बीण लावून शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही.

किनारा खाजगी मालकीचा तर नाही ना? कुठेही उतरता येतं?

वाळू सगळ्यांची आहे, आणि ही ओरेगनने लढून मिळवलेली गोष्ट आहे. १९१३ मध्ये गव्हर्नर ओस्वाल्ड वेस्ट यांच्या काळात ओली वाळू सार्वजनिक रस्ता म्हणून जाहीर झाली. १९६६ मध्ये कॅनन बीचला एका मोटेलवाल्याने कोरड्या वाळूवर कुंपण घालून ती आपल्या गिऱ्हाइकांपुरती राखली. लोक खवळले आणि १९६७ मध्ये गव्हर्नर टॉम मॅकॉल यांनी बीच बिलावर सही केली. तेव्हापासून झाडोऱ्याच्या रेषेपर्यंतची कोरडी वाळूही सर्वांना खुली आहे. म्हणूनच कोट्यवधींच्या बंगल्यासमोरही तुम्ही बिनधास्त चालू शकता. फक्त वाळूपर्यंत जायची वाट सार्वजनिक असावी, कुणाच्या अंगणातून जाऊ नका.

त्सुनामीच्या निळ्या पाट्या दिसतात. काळजी करावी का?

काळजी नको, तयारी हवी. किनाऱ्यासमोर समुद्राखाली कास्केडिया हा भूकंपपट्टा आहे. २६ जानेवारी १७०० रोजी तिथे सुमारे ९ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याची त्सुनामी जपानपर्यंत पोचली, तिथल्या नोंदींवरूनच तारीख कळली. बरेच कॅम्पग्राउंड त्सुनामीच्या पट्ट्यात आहेत. पोचल्यावर उजेड असतानाच उंचावर जायची पायवाट सगळ्यांनी एकदा चालून बघा. जमीन जोराने आणि बराच वेळ हलली तर भोंग्याची वाट न बघता, गाडी तिथेच सोडून, पायी वर जा. दाराशी प्रत्येकाचे बूट, रेनकोट आणि टॉर्च ठेवायची सवय लावा. रात्री संडासाला जायलाही या वस्तू उपयोगी पडतातच.

भारतातून आलेल्या आई-बाबांना झेपेल का?

बहुतेकांना झेपतं, गुडघे बरे असतील तर. गाडीच्या पायऱ्या उंच आणि पावसात निसरड्या असतात, एक रुंद पाटाची जास्तीची पायरी आणि दाराशी धरायला दांडा असलेली गाडी मागा. वरचा बिछाना मुलांना, मागचा कायमचा पलंग आई-बाबांना. रात्री टेबल मोडून बिछाना करायची वेळ त्यांच्यावर आणू नका. कान झाकणारी टोपी आणि लोकरी मोजे भारतातून आणलेत तेच उत्तम. अस्टोरिया, टिलामूक, लिंकन सिटी, न्यूपोर्ट, फ्लॉरेन्स, कूस बे आणि गोल्ड बीच इथे रुग्णालयं आहेत. प्रवासी विमा आणि औषधांच्या चिठ्ठ्या हाताशी ठेवा. याचाट्स ते फ्लॉरेन्स आणि ब्रुकिंग्जच्या उत्तरेचा बोर्डमन पट्टा इथे फोनला रेंज जाते, नकाशे आधी उतरवून घ्या.

सलग दोन दिवस पाऊस थांबला नाही, तर त्यांच्यासाठी न्यूपोर्टचं मत्स्यालय, टिलामूकचा चीज कारखाना आणि फ्लॉरेन्सच्या उत्तरेची सी लायन केव्ह्ज. या गुहेत समुद्रसिंह मुख्यतः शरद आणि हिवाळ्यातच आत येऊन बसतात, उन्हाळ्यात जाणाऱ्यांना बऱ्याचदा रिकामी गुहा बघावी लागते. रीड्सपोर्टजवळ डीन क्रीकला गाडीतूनच रूझवेल्ट एल्क या मोठ्या हरणांचे कळप दिसतात.

खर्च कुठे वाचतो, कुठे वाढतो?

गाडीचं भाडं उन्हाळ्यापेक्षा बरंच कमी असतं. ओरेगनमध्ये विक्रीकर नाही. पण बहुतेक कंपन्या ठरावीक मैलांपुढे मैलागणिक पैसे घेतात, आणि क्लास सी गाडी गॅलनला आठ ते दहा मैलच देते. किनाऱ्याच्या ३६३ मैलांना साधारण ४० गॅलन, घरून येणं-जाणं वेगळं. गाडी कमी चालवण्याचा सल्ला खिशालाही मानवतो. प्रोपेनचा खर्च मात्र हिवाळ्यात वाढतो.

रस्ता मध्येच बंद झाला तर?

होतो. डोंगर ओला झाला की दरडी येतात, झाडं आडवी पडतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये गोल्ड बीचच्या दक्षिणेला हूस्कनाडनची दरड सरकली आणि १०१ तुटला. दक्षिण भागात पर्यायी रस्ते फार थोडे आहेत. आय-५ पर्यंत परत जाऊन वळसा घालायचा म्हणजे दिवस जातो, आणि जंगलातल्या एकेरी रस्त्यांवर नकाशाच्या अॅपने पाठवलं तरी आरव्ही घालू नका, हिवाळ्यात तिकडे कुणी फिरकत नाही. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, दोन दिवसांचं पाणी आणि शिधा नेहमी गाडीत असू द्या, आणि गाडी परत करायच्या तारखेआधी एक दिवस मोकळा ठेवा. बंद रस्त्यापाशी पोचलात तर मागच्या कॅम्पग्राउंडला फोन करा. आठवड्याच्या मधल्या दिवशी तिथे जागा असते.